दर्शनी भाग आणि आतली सेवा: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वडिलांच्या मधुमेहामुळे दोन रुग्णालयांत आणि वॉशिंग मशीनच्या निमित्ताने दोन दुकानांत गेले काही महिने सतत जाणे-येणे झाले. दोन्हीकडे एक वास्तू नवी, काचेची आणि वातानुकूलित, तर दुसरी रंग उडालेली होती.

नव्या रुग्णालयाचा स्वागतकक्ष पाहून कोणाचेही डोळे दिपतील. परंतु नोंदणी, प्रयोगशाळा आणि डॉक्टर यांचा एकमेकांशी संबंधच नसावा, असा तेथील कारभार आहे. अहवाल तयार होऊनही डॉक्टरांच्या टेबलावर पोहोचत नाही आणि औषधाची मात्रा का बदलली, हे खोदून विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. जुन्या रुग्णालयातील बाके झिजलेली आहेत. पण तेथे वडील दाखल असताना परिचारिका प्रत्येक इंजेक्शनपूर्वी त्यांनाच पूर्ण नाव सांगायला लावी, ते केसपेपरशी ताडून पाही आणि मगच सुई हातात घेई.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे काही विभाग २०१२ मध्ये नव्या इमारतीत गेले. त्यानंतरच्या रुग्णांच्या अभिप्रायांवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोली आणि सजावटीबद्दलचे समाधान स्पष्टपणे वाढलेले दिसले, डॉक्टर-परिचारिकांबद्दलचे मात्र जवळपास होते तेथेच राहिले. तरीही इमारत गौण आहे, असे म्हणता येणार नाही. रॉजर उलरिक यांच्या १९८४ च्या अभ्यासात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. इमारतीकडून मला उजेड, खाटेजवळ हात धुण्याची सोय आणि चाकाची खुर्ची सहज वळेल एवढी रुंद वाट हवी आहे. चकचकीत फरशी नको. (त्या फरशीवर वृद्धांचे पाय घसरतात, हे आराखडा काढणाऱ्यांना कोणी सांगत नसावे.)

दुकानांचे थोडक्यात सांगायचे तर, मोठ्या दालनात विक्रीच्या वेळी तिघे दिमतीला होते, मशीन बिघडल्यावर मात्र एक दूरध्वनी क्रमांक हातात पडला. सुटा भाग मागवून मशीन सुरू करून दिले ते जुन्या दुकानाने, आणि तेही विक्री त्यांची नसताना.

सध्या लिफ्ट आणि अद्ययावत यंत्रे असल्यामुळे वडिलांच्या तपासण्या नव्या रुग्णालयात करतो, अहवाल काउंटरवरून स्वतः घेतो आणि सल्ल्यासाठी जुन्या रुग्णालयात जातो.