हँडीस्कॅन ब्लॅक एलिट: विमानाच्या जुन्या जिगसाठी आणि विदर्भाच्या उन्हात

नागपूरच्या मिहानमध्ये फाल्कन जेटचे भाग बनतात, बोइंग 787 चे फ्लोअर बीम बनतात. बुटीबोरी-हिंगणघाटकडच्या एखाद्या वर्कशॉपने या क्षेत्रातलं टूलिंगचं काम घ्यायचं ठरवलं, तर पहिली अडचण ठरलेली: जिग, म्हणजे पार्ट जागच्या जागी धरणारा साचा-फ्रेम, समोर आहे, ड्रॉइंग नाही. अशा वेळी जिगवरूनच कॅड मॉडेल बनवायला क्रिएफॉर्मचा हा हातातला लेझर स्कॅनर भाड्याने बोलवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. विकत घेण्याइतकं काम लहान शॉपकडे सहसा नसतं.

वजन 0.94 किलो. निळ्या लेझरच्या 11 फुल्या एकदम पडतात, त्यामुळे काळा गंजलेला फ्रेम आणि उघडं ॲल्युमिनियम दोन्ही सहसा चकाकी घालवणाऱ्या स्प्रेशिवाय निघतात. क्रोम किंवा ग्राइंड केलेल्या लोकेटरवर (पार्टची जागा ठरवणारा टेकू) मात्र स्कॅनमधून बनणारी त्रिकोणांची जाळी खडबडीत येते. तिथे आपोआप उडून जाणारा स्प्रे मारा, पुसायची भानगड राहत नाही. टार्गेट, म्हणजे स्कॅनर जागा ओळखतो ते गोल स्टिकर, जिगलाच चिकटलेले असल्याने हात हलला किंवा शेजारी प्रेस चालू असली तरी बिघडत नाही.

जाहिरातीतला 0.025 मिमीच्या अचूकतेचा आकडा पूर्ण जिगला लावू नका. मोठ्या वस्तूसाठी हिशेब 0.020 मिमी अधिक दर मीटरला 0.040 मिमी असा आहे, म्हणजे 2 मीटरच्या जिगवर 0.1 मिमी. कंटूरला, म्हणजे बाहेरच्या आकाराला, हे चालतं. बुशिंगच्या (ड्रिलला वाट दाखवणारी नळी) जागांचा टॉलरन्स याहून घट्ट असेल तर सोबत फोटोग्रामेट्री (फोटोंवरून माप) किंवा लांबवरचे बिंदू मोजणारा लेझर ट्रॅकर लागेलच.

आता उन्हाचं. मशीनला 5 ते 40 अंशांची मर्यादा आहे, आणि नवतप्यात (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) टिनाच्या शेडमध्ये दुपारी पारा त्याच्या वर असतो. तरी खरा घोळ मशीनचा नसून जिगचा होतो. माप 20 अंशांना धरायचं असतं. 42 अंशांना 2 मीटरचा लोखंडी फ्रेम अर्धा मिलिमीटर आणि तेवढाच ॲल्युमिनियमचा तब्बल 1 मिमी वाढलेला असतो. सॉफ्टवेअरमध्ये सरसकट स्केल करूनही भागत नाही, कारण फ्रेम लोखंडी आणि त्यावर बोल्ट केलेले लोकेटर ॲल्युमिनियमचे, दोघांची वाढ वेगळी. कूलर लावून तर आणखी बिघडतं: झोत येतो ती बाजू थंड, मागची गरम, आणि फ्रेम वाकतो. जिग रात्रभर आत ठेवा, कूलर बंद, पहाटे स्कॅन. जिग कामाच्या वेळी ज्या टेकूंवर बसतो त्याच टेकूंवर ठेवा, नाहीतर स्वतःच्या वजनाने येणारा बाक वेगळा येईल. फ्रेमच्या दोन्ही टोकांचं तापमान टच थर्मामीटरने घेऊन लिहून ठेवा, आणि तापमान बदललं की कॅलिब्रेशन प्लेटवर स्कॅनर पुन्हा कॅलिब्रेट करा. दोन-तीन मिनिटांचं काम आहे.

टार्गेट लावण्याआधी ग्रीस रॉकेलने काढून वर थिनरचा हात मारावा, नुसत्या रॉकेलवर स्टिकर टिकत नाही. काठावर आणि जास्त वळणावर लावू नका. जिनिंगच्या हंगामात आजूबाजूला गिरणी असेल तर कापसाचे तंतू येऊन स्टिकरवर बसतात. एक तंतू आडवा पडला तरी गोल नीट ओळखला जात नाही. कोरड्या ब्रशने झटकत राहायचं. पत्र्याच्या भोकांतून पडणारे उन्हाचे कवडसेही झाका. लाइन गेली तर लॅपटॉप चालू राहतो, स्कॅनर नाही, म्हणून तो इन्व्हर्टरवरच लावा.

ड्रिल बुशिंगच्या भोकाचा व्यास स्कॅनवरून कधीही घेऊ नका. लेझर आत खोल पोचत नाही आणि तोंडाची कड गोलसर दिसते. घट्ट बसणारी डॉवेल पिन घालून बाहेर राहिलेला दांडा स्कॅन करा, अक्ष त्यावरून मिळतो. व्यास मात्र भोकात घालून बघायच्या प्लग गेजने घ्या. टूलिंग बॉल (जिगवर बसवलेले संदर्भाचे गोळे) असतील तर त्यांचे केंद्रबिंदू धरूनच विमानाच्या स्टेशन (लांबीतली जागा) आणि वॉटरलाइनशी (उंचीतली जागा) जिग जुळवा. सगळीकडे बेस्ट-फिट, म्हणजे सगळ्या बिंदूंची सरासरी जुळवणी, लावणारा ऑपरेटर आला तर थांबवा. एका घासलेल्या लोकेटरची चूक त्यामुळे बाकीच्या सगळ्यांत थोडी थोडी वाटली जाते, आणि झीज नेमकी कुठे झाली तेच कळत नाही.

फॉर्म ब्लॉकमध्ये, म्हणजे पत्रा ज्यावर दाबून वाकवतात त्या ठोकळ्यात, आणखी एक फसगत आहे. पत्रा प्रेसमधून सुटल्यावर थोडा उघडतो, म्हणून ब्लॉकवर पत्रा मुद्दाम जास्त वाकेल असा कोन ठेवलेला असतो. 90 अंशांच्या फ्लँजखाली (वाकवलेला काठ) 88 अंशांचा ब्लॉक दिसला तर तो झिजलेला समजून कॅडमध्ये 90 करू नका. आधी त्या ब्लॉकवर निघालेला पास झालेला पार्ट शोधा, तोही स्कॅन करा, मग ठरवा. ऑटो-सरफेस करून (सॉफ्टवेअरने जाळीवर आपोआप पृष्ठभाग चढवून) मिळालेलं मॉडेल हे झिजलेल्या टूलची हुबेहूब नक्कल असतं. सपाट भाग प्लेन म्हणून आणि गोल भाग सिलिंडर म्हणून हाताने काढणारा माणूस मागा, त्याचे पैसे जास्त पडले तरी.

जिग बहुतेक वेळा ग्राहकाच्या मालकीचा असतो, तेव्हा स्कॅनर दारात येण्याआधी लेखी परवानगी घ्या. हिशेब चुकता करण्याआधी एसटीएल (जाळीची फाइल), स्टेप (कॅड मॉडेलची फाइल), स्कॅनरची मूळ सेशन फाइल, विचलनाचा रंगीत नकाशा आणि टिपलेलं तापमान हे सगळं हातात पडलं पाहिजे. नव्या टूलवरचा पहिला पार्ट एएस9102 (पहिल्या पार्टच्या तपासणीचं विमान उद्योगातलं मानक) प्रमाणे तपासताना माप चुकलं, तर हीच सेशन फाइल उघडून बघावी लागते.