दप्तरातलं बुलेटप्रूफ इन्सर्ट: घ्यावं का, आणि घेतलंच तर काय बघून?

ऑगस्ट जवळ आला की अमेरिकेत शाळेच्या खरेदीचा मोसम सुरू होतो. वह्या, क्रेयॉन, डबा, पाण्याची बाटली, नवं दप्तर. या यादीत आता दप्तराच्या पाठीकडच्या कप्प्यात सरकवायचं गोळीरोधक पॅनलही येऊन बसलं आहे. इथे त्याला सगळे इन्सर्टच म्हणतात. २०१९ मध्ये गार्ड डॉग सिक्युरिटी कंपनीची बुलेटप्रूफ दप्तरं ऑफिस डेपो आणि ऑफिसमॅक्स या स्टेशनरीच्या साखळी दुकानांत सरळ मांडलेली होती. हे परीक्षण कुठल्याही एका कंपनीचं नाही. बाजारात सर्वांत जास्त खपणाऱ्या प्रकाराचं आहे: साधारण ११ बाय १४ इंच, मऊ, लेव्हल थ्री-ए (म्हणजे पिस्तुलाच्या गोळीपुरती संरक्षणाची पातळी), किंमत १०० ते १८० डॉलर.

आधी वस्तू समजून घेऊ. आत अ‍ॅरामिड धाग्याच्या (केव्हलार हे त्याचंच प्रसिद्ध व्यापारी नाव) किंवा पॉलिइथिलीनच्या कापडाचे वीसेक किंवा त्याहून जास्त थर असतात. वरून पाणी आत जाणार नाही असं शिवून किंवा वितळवून बंद केलेलं कव्हर. जाडी जेमतेम पाव इंच, वजन अर्धा ते पाऊण किलो. पिस्तुलाची गोळी तोंडाला बोथट असते आणि त्या मानाने संथ. ती थरांत शिरते तेव्हा पुढचे धागे तिला पकडतात, गोळी चपटी होते आणि तिचा जोर आजूबाजूच्या धाग्यांत वाटला जातो. लेव्हल थ्री-एची चाचणी पॉइंट ४४ मॅग्नमच्या गोळीने, सेकंदाला सुमारे ४३५ मीटर वेगाने होते. नाइन एमएमच्या नेहमीच्या पिस्तुलाला हे पॅनल चांगलं पुरून उरतं. एवढं काम ते चोख करतं, त्यात फसवणूक नाही.

गोम पुढे आहे. एआर-१५ जातीच्या रायफलची गोळी छोटी, टोकदार आणि सेकंदाला ९५० मीटरच्या वर पळणारी. ती या थरांना पकडायला वेळच देत नाही, सरळ आरपार जाते. शाळांतले मोठे गोळीबार बघा. सँडी हूक (डिसेंबर २०१२, २० मुलं आणि ६ शिक्षक-कर्मचारी ठार), पार्कलंड (फेब्रुवारी २०१८, १७ जण), युवाल्डे (मे २०२२, १९ मुलं आणि २ शिक्षिका), जॉर्जियातली अपालाची हायस्कूल (सप्टेंबर २०२४, ४ जण): या सगळ्या ठिकाणी रायफल होती. म्हणजे ज्या बातम्या वाचून आईवडील हे पॅनल मागवतात, नेमक्या त्याच बातम्यांतल्या हत्यारापुढे ते चालत नाही. पेटीवर हे लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात: ‘हँडगन प्रोटेक्शन’. वरती ठळक अक्षरात मात्र ‘बुलेटप्रूफ’.

उलट बाजूही सांगायला हवी. व्हर्जिनिया टेकमध्ये २००७ च्या एप्रिलमध्ये ३२ जण मारले गेले, त्यात मुंबईहून शिकायला आलेली एक विद्यार्थिनीही होती. तिथे दोन्ही पिस्तुलंच होती. मिशिगनच्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्येही (२०२१) नाइन एमएम पिस्तूल होतं. तेव्हा पॅनल निरुपयोगी म्हणणंही खोटं ठरेल.

आता प्रमाणपत्र. वेबसाइटवर ‘एनआयजे सर्टिफाइड’ असं दिसलं तर तो विक्रेता यादीतून काढून टाका. एनआयजे म्हणजे अमेरिकेच्या न्याय खात्याची संशोधन संस्था. ती पोलिसांच्या अंगातल्या जॅकेटांना आणि प्लेटांना प्रमाणित करते. दप्तर, इन्सर्ट, ब्लँकेट यांना नाही. कंपनी प्रामाणिकपणे फार तर इतकंच म्हणू शकते की, आमचा माल स्वतंत्र प्रयोगशाळेत एनआयजेच्या निकषांवर तपासला आहे. मग तो अहवाल मागा. त्यात या गोष्टी बघा: कोणती गोळी, किती वेगाने, किती वेळा मारली, पॅनल कोरडं असताना आणि भिजलेलं असतानाही तपासलं का, गोळी अडली तेव्हा चाचणीत पॅनलमागे ठेवलेली माती किती खोल दबली (जॅकेटसाठी ४४ मिलिमीटरपर्यंत चालतं), आणि अहवाल नेमका याच मॉडेलचा आहे की कापड पुरवणाऱ्या कंपनीचा. शेवटच्या मुद्द्यावर बरेच विक्रेते गळतात.

एक घोळ सध्या जास्त वाढला आहे. २०२३ च्या शेवटी एनआयजेने नवा निकष आणला आणि पातळ्यांची नावं बदलली. जुनी थ्री-ए आता एचजी-२ झाली, रायफलच्या पातळ्या आरएफ-१, आरएफ-२, आरएफ-३. बाजारात दोन्ही नावं चालू आहेत. आणि ‘लेव्हल थ्री प्लस’ नावाची पातळी जुन्यातही नाही, नव्यातही नाही. ती विक्रेत्यांनी काढलेली. तसं लिहिलेलं दिसलं तर कोणकोणत्या गोळ्यांवर तपासलं ते नावानिशी विचारायचं.

‘मग रायफलवालीच प्लेट घेऊ’ हा विचार ओघाने येतोच. ती मिळते. पॉलिइथिलीनची १० बाय १२ इंची प्लेट दीड किलोच्या आसपास, जवळजवळ इंचभर जाड, किंमत २०० डॉलरच्या पुढे. यातल्या बऱ्याच प्लेटा साधी रायफलची गोळी अडवतात, पण पोलादी टोक असलेल्या एम-८५५ गोळीला दगा देतात. ती हवी तर आरएफ-२ बघावी लागते, तिथे सिरॅमिक येतं, वजन वाढतं. सिरॅमिक आपटलं की आतून तडकतं आणि बाहेरून काही दिसत नाही. शाळकरी मुलं दप्तर बसमध्ये कसं फेकतात हे सांगायला नको. त्यात दुसरीतल्या मुलाचं वजन पंचवीस किलो धरलं आणि दप्तर वजनाच्या दहा टक्क्यांत ठेवायचं म्हटलं, तर प्लेट घातल्यावर पुस्तकं-डब्याला किलोभर उरतं. लहान मुलांसाठी हा पर्याय मोडीत काढलेलाच बरा.

मऊ इन्सर्ट घेतलंच, तर बसवण्यात चुका होतात त्या अशा. कप्पा १३ इंची आणि पॅनल १४ इंची असलं की ते कोपऱ्यात दुमडतं. रोजच्या दुमडीने त्या रेषेवर थर सैल पडतात. आधी दप्तराचा मागचा कप्पा टेपने मोजा, मग पॅनल मागवा. एका बाजूवर ‘स्ट्राइक फेस’ लिहिलेलं असतं, ती बाजू पाठीपासून दूर, बाहेरच्या अंगाला. दप्तराचे पट्टे आवळून बांधलेले हवेत, पॅनलचा वरचा काठ खांद्याच्या पात्यांपाशी आला पाहिजे. हायस्कूलच्या पोरांत दप्तर कमरेखाली लोंबकळत ठेवायची फॅशन आहे. तसं घातलं तर संरक्षण बसायच्या जागेचं होतं. दप्तर मशीनमध्ये धुताना पॅनल काढा, ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा. अ‍ॅरामिडला ऊन आणि ओल मारते, पॉलिइथिलीनला उष्णता. टेक्सस-अ‍ॅरिझोनात उन्हाळाभर गाडीच्या डिकीत दप्तर पडून राहिलं असेल तर त्या पॅनलवर फार विसंबू नये. हमी सहसा पाच वर्षांची असते, आणि ती उत्पादनाच्या तारखेपासून मोजली जाते की खरेदीच्या, हे आधी विचारून घ्या. सेलमध्ये स्वस्त मिळणारा माल पुष्कळदा दीड-दोन वर्षं गोदामात पडलेला असतो. जुनं, वापरलेलं पॅनल ऑनलाइन घेऊ नका.

एवढं सगळं नीट केलं, तरी खरा प्रश्न उरतो तो शाळेच्या दिवसाचा. प्राथमिक शाळेत दप्तर सकाळी खुंटीवर किंवा खणात जातं ते सुटीपर्यंत तिथेच. बऱ्याच माध्यमिक शाळांत ते लॉकरमध्ये बंद असतं, वर्गात आणू देत नाहीत. लॉकडाऊनचा सराव बहुतेक सगळ्या सरकारी शाळांत होतो: दाराला कुलूप, दिवे बंद, खिडकी-दारातून न दिसणाऱ्या कोपऱ्यात जाऊन गप्प बसायचं. त्यात ‘दप्तर घेऊन या’ ही पायरी नसते. पोलीस बाहेर काढतात तेव्हा तर हात वर आणि सामान तिथेच टाका अशीच सूचना असते. मिनियापोलिसच्या अ‍ॅनन्सिएशन चर्चमध्ये २०२५ च्या ऑगस्टमध्ये गोळ्या खिडक्यांतून आल्या आणि मुलं प्रार्थनेला बाकांवर बसली होती. पाठीवर दप्तर असायचं कारणच नव्हतं. हिशेब केला तर पॅनल मुलाच्या अंगावर असतं ते बसमध्ये आणि घर-शाळेच्या वाटेवर.

शिवाय शाळांचं धोरण उलट दिशेने चाललं आहे. पार्कलंडनंतर त्या शाळेने काही काळ पारदर्शक दप्तरं सक्तीची केली होती, आणि युवाल्डेनंतर डॅलसच्या सरकारी शाळांनी सहावीपासून वरच्या मुलांना पारदर्शक किंवा जाळीची दप्तरं सक्तीची केली. पारदर्शक दप्तरात काळं पॅनल घातलं की दारावरचा माणूस ते काढायला लावणार किंवा निदान विचारणार. कायदेही राज्याराज्यांत वेगळे. लुइझियानात शाळेच्या आवारात शरीरकवच घालायला बंदी होती, म्हणून २०१८ मध्ये बुलेटप्रूफ दप्तरांसाठी खास सूट द्यावी लागली. बफेलोच्या सुपरमार्केटमधल्या हत्याकांडानंतर न्यू यॉर्कने २०२२ मध्ये सामान्य नागरिकांना कवच विकण्यावर निर्बंध आणले. कनेक्टिकटमध्ये कवचाची विक्री समोरासमोरच व्हावी लागते. इन्सर्ट या व्याख्यांत बसतं का यावर विक्रेत्यांचीच मतं वेगवेगळी, म्हणून या राज्यांत राहत असाल तर पैसे भरण्याआधी पाठवणार का ते विचारा आणि शाळेला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. टेक्ससमध्ये ऑगस्टच्या करमाफीत १०० डॉलरच्या आतली दप्तरं येतात, बुलेटप्रूफ दप्तर सहसा त्या वर जातं. कर भरावा लागतो.

या वस्तूचा बाजार कसा चालतो तेही बघण्यासारखं आहे. मोठा गोळीबार झाला की आठवडाभरात मागणी उसळते, माल संपतो, मग पुन्हा सवलती सुरू. एल पासोच्या वॉलमार्टमध्ये ३ ऑगस्ट २०१९ ला गोळीबार झाला (२३ जण गेले) तेव्हा तिथली बरीच कुटुंबं शाळेचीच खरेदी करत होती. त्याच आठवड्यात इन्सर्टची मागणी चढली. गन व्हायलन्स अर्काइव्ह ही संस्था हल्लेखोर सोडून चार किंवा जास्त माणसांना गोळी लागली की तो सामूहिक गोळीबार मोजते. या मोजणीने २०२० ते २०२३ या प्रत्येक वर्षी आकडा ६०० च्या वर गेला. दिवसाला दीडपेक्षा जास्त. त्यातले किती तुमच्या फोनवर बातमी म्हणून आले? रोज मरे त्याला कोण रडे. ओरेगनमधल्या एका कॉलेजातल्या गोळीबारानंतर, १ ऑक्टोबर २०१५ ला, अध्यक्ष ओबामांनी व्यासपीठावरूनच सांगितलं होतं की हे सगळं नेहमीचं झालं आहे, बातम्याही नेहमीच्या, आपलं बोलणंही नेहमीचं, आणि आपण बधिर झालो आहोत. त्यानंतरच्या वर्षांत ती बधिरता दुकानाच्या फळीवर आली. ऑनलाइन पानांवर इन्सर्टला तारे दिलेले दिसतात, ‘रंग छान, डब्याला जागा पुरते’ अशा अभिप्रायांसकट. गोळी अडवते की नाही, हे त्या पाच ताऱ्यांत कोणी तपासलेलं नसतं.

आमचा कौल: पाचपैकी दोन. एक तारा पिस्तुलापुरतं काम नेमकं करतं म्हणून, दुसरा वजन उचलण्याजोगं आहे म्हणून. कॉलेजातल्या मुलाला, जो दिवसभर दप्तर सोबत वागवतो, त्याला थोडाफार उपयोग आहे. प्राथमिक शाळेतल्या मुलासाठी हे पैसे घालवू नयेत.

त्याच पैशांत जास्त पदरात पडेल असं काही हवं असेल, तर बंदुकीच्या दुसऱ्या टोकाकडे बघा. अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने २००८ ते २०१७ मधल्या शाळांतल्या हल्ल्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. बंदूक वापरणाऱ्या तीन चतुर्थांश हल्लेखोरांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरून उचलली होती. ऑक्सफर्डच्या हल्लेखोर मुलाचं पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी विकत घेतलं होतं, आणि शाळेत ते आलं दप्तरातूनच. २०२४ मध्ये आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे, आणि त्यातले फार थोडे मृत्यू शाळेत होतात. घरात आणि रस्त्यावर होतात ते कितीतरी जास्त.

प्रोजेक्ट चाइल्डसेफ या बंदूक-सुरक्षेच्या उपक्रमाकडून अनेक पोलीस ठाण्यांत तारेचं कुलूप फुकट मिळतं. तार बंदुकीच्या यंत्रणेतून ओवली की गोळी भरताच येत नाही. चोराला ते कटरने तोडता येईल, पण दहा वर्षांच्या मुलाला थोपवायला पुरतं. पिस्तुलासाठी पोलादी पेटी चांगली, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि किल्ली आईवडिलांच्या कपाटातल्या नेहमीच्या डब्यात नको, तो डबा घरातल्या मुलांना माहीत असतो. आपल्या मराठी घरांत बंदूक सहसा नसते. पण मूल ज्यांच्याकडे खेळायला जातं त्यांच्याकडे असू शकते. तिथे ‘ह्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, कुत्रा बांधलेला असतो ना, पूलला कुंपण आहे ना’ हे आपण विचारतोच. त्याच दमात ‘घरात बंदूक असली तर ती कुलपात असते ना?’ हेही विचारायचं, आणि फोनवर अवघड वाटत असेल तर मेसेजमध्ये लिहून पाठवायचं.