बेट सोडून परदेशात सर्फिंगसाठी राहायला जाताय? बोर्ड बरोबर न्यायचे की विकून जायचं

व्हिसा झाला, कामाचं जमलं, तिकिटं काढायची वेळ आली की सगळ्यांचं गाडं एकाच ठिकाणी अडतं, बोर्डांचं काय करायचं. गाडी, फ्रिज, सोफा यांचा निकाल लोक एका संध्याकाळी लावतात आणि बोर्डांवर महिनाभर घोळ घालत बसतात. मी दोन्ही करून बसलोय, एकदा लांबच्या मुक्कामाला सगळे बोर्ड बॅगेत भरून नेले होते आणि कायमचं निघालो तेव्हा जवळजवळ सगळे विकून मोकळा झालो. त्यामुळे लिहिलेलं थोडं एका बाजूला झुकलेलं वाटेल, ते आधीच सांगून ठेवतो. रॉकर (बोर्डाचा लांबीतला वाक) म्हणजे काय, लिटर (बोर्डाचं आकारमान, म्हणजे तो किती तरंगेल) कसे बघायचे वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरून चाललोय.

आधी नेण्याच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू अगदीच लंगडी नाहीये. नवा देश, नवी लाट, लाइनअपमध्ये (पाण्यात लाटेची वाट बघत बसलेल्यांत) तुमचा नंबर सगळ्यात शेवटी, अशा वेळी निदान पायाखालचं तरी ओळखीचं असावं असं वाटणं साहजिक आहे. माझ्या जुन्या पीयू (पॉलियुरेथेन फोमच्या) बोर्डाच्या डेकवर, म्हणजे वरच्या बाजूला, मागच्या टाचेचा खळगा इतका खोल पडला होता की उठताना पाय न बघता तिथे जाऊन बसायचा, आणि असा खळगा नव्या बोर्डावर काही आठवड्याभरात पडत नाही. शिवाय बेटावरच्या शेपरने, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्याने, तुमची लाट बघून, तुम्हाला शिव्या घालत, दोन-तीन बोर्डांनंतर नेमका जमवलेला आकार दुकानात टांगलेला मिळणार नाही हेही खरं. आणि भावनेचा भाग आहेच, तो मी उगाच नाकारत नाही, सगळंच मागे सोडून जाताना एक तरी वस्तू आपली हवी.

विमानाच्या भाड्याचा मुद्दा सगळे पहिल्यांदा काढतात, मला तो दुय्यम वाटतो. काही कंपन्या बोर्ड नेहमीच्या सामानात धरतात, काही बॅगेमागे पैसे घेतात, काही बॅगेतल्या प्रत्येक बोर्डामागे, तेवढं तिकीट काढायच्या आधी वाचता येतं. खरी गोम बेटावरून निघणाऱ्या पहिल्या विमानात असते. ते बहुतेक वेळा छोटं, एटीआर वगैरे, त्याच्या पोटात शॉर्टबोर्डची बॅग कशीबशी जाते, लाँगबोर्ड जाईलच असं नाही, आणि वजन जास्त झालं की आधी खाली उतरते ती बोर्डबॅग. "पुढच्या फ्लाइटने येईल." पुढचं मोठं विमान दुसऱ्या कंपनीचं असेल तर त्यांचा लांबीचा नियम वेगळा, आणि तिथे टेप घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा मूड आणखी वेगळा. काउंटरवर नाजूक सामानाच्या टॅगवर सहीही मागतात, म्हणजे मोडलं तर आमच्याकडे बघू नका. तरी नेणारच असाल तर बॅग विमानतळावरच उघडून बघा, रेल (कडा) आणि टेल (शेपटी) आधी, कारण 1999 च्या माँट्रियल करारानुसार सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान हातात आल्यापासून 7 दिवसांत करावी लागते आणि नव्या गावात पहिले 7 दिवस कुठे जातात ते कळतही नाही.

जहाजाने पाठवणं हा तिसरा मार्ग आहे. घरचं बाकी सामान जातच असेल तर त्यात बोर्डही टाका, फक्त बोर्डांसाठी तो खटाटोप मी तरी करणार नाही. एक लक्षात ठेवा, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून कायमचं राहायला जाणाऱ्याला स्वतःचं सामान शुल्काशिवाय आणता येतं, पण ते आधी किमान 6 महिने वापरलेलं असावं लागतं, त्यामुळे जाण्याच्या तोंडावर नवाकोरा बोर्ड घेऊन कंटेनरमध्ये टाकण्यात काही अर्थ नाही.

आता माझं मन जिथे फिरलं ते सांगतो, आणि याबद्दल कोणी बोलत का नाही हे मला कळत नाही. बॅग विमानातून सुखरूप आली, एकही डिंग (खोक) नाही, मी खूश. त्रास सुरू झाला विमानतळाच्या दारातून बाहेर पडल्यावर. कारण अजून घर नव्हतं. परदेशात राहायला गेलेल्या माणसाला सुरुवातीला घर नसतंच, हॉस्टेल असतं, कोणाच्या तरी ओळखीची खोली असते, पुन्हा दुसरं हॉस्टेल असतं, आणि या सगळ्या प्रवासात ती बॅग म्हणजे जावईबापू, आधी त्यांची सोय मग आपली. बस घेत नाही. टॅक्सीवाला लांबूनच मान हलवतो. हॉस्टेलवाले म्हणतात मागे शेडमध्ये ठेवा, शेडला कुलूप नाही, मग रात्री दोनदा उठून बघून यायचं. खोल्या बघायला जायचं तर बॅग कोणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून मी ती बरोबर घेऊनच फिरायचो. वरच्या मजल्यावरची एक खोली मला मनापासून आवडली होती, हवेशीर, खिडकीतून पाण्याची एक पट्टी दिसायची, पण जिन्याचं वळण इतकं अरुंद की बॅग उभी करून, नोज (पुढचं टोक) छताला लावून, टेल कठड्यावरून बाहेर काढून मी तिथे अडकलो आणि घरमालकीण वरच्या पायरीवरून शांतपणे भिंतीच्या खरवडलेल्या रंगाकडे बघत होती. शेवटी घेतली ती तळमजल्यावरची ओलसर खोली, किनाऱ्यापासून चांगली लांब, केवळ तिथे बॅग आडवी राहत होती म्हणून. त्या मुक्कामात राहायला जागा मी शोधलीच नाही, बॅगेने शोधली.

हे माझ्यापुरतं असेल, मान्य. कोणाचा मित्र तिथे आधीच स्थायिक असेल, त्याच्याकडे गॅरेज असेल, गाडीला रॅक असेल, तर वरचा सगळा परिच्छेद सोडून द्या.

पण दुसरी एक गोष्ट मित्राच्या गॅरेजने सुटत नाही, आणि ती म्हणजे लाट. बेटावरचा बोर्ड बेटावरच्या लाटेचा असतो. हवाईसारख्या समुद्राच्या मधोमध असलेल्या बेटांवर भरती-ओहोटीचा फरक मीटरभरही नसतो, रीफ (पाण्याखालचा खडक) जागचा हलत नाही, त्यामुळे लाट सकाळी जिथे फुटते साधारण तिथेच संध्याकाळी. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर तोच फरक उधाणाच्या दिवसांत 4 मीटरच्या आसपास जातो आणि खाली सगळी वाळू, तीसुद्धा वादळागणिक सरकणारी. तिथल्याच ओसेगोर गावी तर कापब्रेतोंची समुद्राखालची दरी किनाऱ्याला येऊन भिडते, स्वेल (दुरून येणारी समुद्राची लाट) वाटेत दम न गमावता थेट वाळूपट्टीवर आपटतो, बोर्ड मोडण्यासाठी ती जागा प्रसिद्ध आहे. उलट उन्हाळ्यात त्याच किनाऱ्यावर कित्येक दिवस कमरेएवढी ढिली लाट असते, आणि त्यात माझा अरुंद टेलचा, भरपूर रॉकर असलेला, पोकळ लाटेसाठी कापलेला बोर्ड नुसता पाणी ढकलत बसायचा. लाइनअपमधले स्थानिक काका जाडजूड फिशवर (आखूड, रुंद बोर्डावर) बसून प्रत्येक लाट नेत होते आणि मी हात मारून मारून थकत होतो.

त्यात थंडी. पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावर भर उन्हाळ्यातही पाणी बहुतेक 20 अंशांच्या खालीच असतं, कारण उन्हाळ्यात उत्तरेचा वारा वरचं पाणी समुद्राकडे ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं. म्हणजे 4/3 चा वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख), धडाला 4 मिलीमीटर आणि हातापायांना 3, तो ओला झाला की वजन वाढतं, खांदे आखडतात, आणि शॉर्ट्सवर जो बोर्ड बरोबर तरंगायचा तोच आता अर्धा बुडालेला वाटतो. मला दोन-तीन लिटर जास्त घेतल्यावर बरं वाटलं. तुमचं गणित वेगळं असू शकेल, पण कमी लागतील असं मला तरी वाटत नाही. उलट थंडीकडून उबेकडे जाणाऱ्यांनी हाच हिशोब उलटा करावा.

गंमत म्हणजे ज्यांनी बेटावरून सर्फिंग बाहेर नेलं त्यांनीही बोर्ड गेल्या ठिकाणीच करून घेतले. 1885 मध्ये हवाईच्या राजघराण्यातले तिघे भाऊ कॅलिफोर्नियात शिकायला होते, त्यांनी सांता क्रूझला तिथल्याच रेडवुडच्या फळ्यांपासून बोर्ड बनवून घेतले आणि नदीच्या मुखाशी लाटांवर उतरले. हवाईचा जलतरणपटू आणि सर्फर ड्यूक काहानामोकू 1914 च्या अखेरीस सिडनीला पोहण्याची प्रात्यक्षिकं द्यायला गेला तेव्हा बोर्ड बरोबर नव्हता, त्याने तिथेच शुगर पाइनचा तासून घेतला, फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर त्यावर उभा राहिला आणि जाताना तो तिथेच ठेवून गेला. तो बोर्ड आजही फ्रेशवॉटरच्या क्लबमध्ये आहे. आता ते जड लाकूड आगबोटीतून वागवणं कोणाला झेपलं असतं ही गोष्ट वेगळी, त्यामुळे याला पुरावा म्हणू नका, पण मला बरं वाटतं.

विकून जाण्याचेही त्रास आहेतच, ते लपवत नाही. छोट्या बेटावर तुमचा बोर्ड सगळ्यांना ओळखीचा असतो, कुठल्या डिंगला कोणी रेझिन लावलंय हेसुद्धा, त्यामुळे चढा भाव विसरा. सगळ्यांना माहीत असतं की तुम्ही अमुक तारखेला जाताय, मग माणसं शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबतात आणि हसत हसत निम्म्यात मागतात. आणि लवकर विकलात तर आणखी वाईट, उरलेले दिवस आपलाच बोर्ड दुसऱ्याच्या पायाखाली, तोही वाकडातिकडा चालवताना बघत पाण्यात बसायचं. माझा सल्ला, सौदा आधी करा, थोडे पैसे हातात घ्या, बोर्ड निघायच्या दिवशी द्या. एक बोर्ड विकूही नका, वयाने लहान एखाद्या पोराकडे ठेवून द्या, सुट्टीला याल तेव्हा तो तुमचा, बाकी वर्षभर त्याचा, नुसता पडून राहण्यापेक्षा पाण्यात असलेला बरा.

तिकडे गेल्यावर मात्र घेणाऱ्याची चंगळ असते. 1981 मध्ये सायमन अँडरसनने तीन फिनांच्या (तळाला लावायच्या पात्यांच्या) बोर्डावर बेल्स आणि पाइपलाइन या दोन्ही स्पर्धा जिंकल्यापासून हा तीन फिनांचा थ्रस्टर जगभर पसरला, त्यामुळे तुमच्या मापाच्या जवळपासचा बोर्ड कुठल्याही सर्फ गावात सापडतो. तिथे मोसम संपला की परतीची माणसं येईल त्या भावाला विकतात, तेव्हा पोचलात तर उत्तम. सुरुवातीला पाहिजे तर एखादा भाड्याचा घ्या, लाट ओळखा, मग घ्या. सेकंडहँड ईपीएस (थर्माकोलसारख्या फोमचा) बोर्ड असेल तर जरा जपून, डिंगमधून पाणी प्यायलेला असेल तर हातात घेताच जड लागतो, आणि कोणी पॉलिएस्टर रेझिनने दुरुस्त करायला गेला तर आतला फोमच विरघळतो, त्याला एपॉक्सीच लागतं.

तरी काही लोकांनी न्यावेत असं मला वाटतं. उंची किंवा वजन नेहमीच्या मापात न बसणारे, ज्यांना दुकानात काहीच बसत नाही. हाताने बनवलेला जुना लाँगबोर्ड असणारे, तो परत मिळणारच नाही. आणि एका रीफवरून दुसऱ्या तशाच रीफवर जाणारे, त्यांची लाटच बदलत नाही. पण त्यांनीही एक न्यावा, फार तर दोन, तीनाची बॅग एकट्याने जिन्यावर चढवून बघा म्हणजे पटेल. माझ्यासारखा साधारण मापाचा, साधारण कुवतीचा माणूस असेल आणि गरम पाण्यातून थंड पाण्यात चालला असेल तर विका.

वॅक्सही (पाय घसरू नये म्हणून डेकवर लावायचं मेण) नेऊ नका, गरम पाण्याचा वॅक्स थंडीत कडक होतो आणि पाय धरत नाही. वेटसूट तिथे जाऊन अंगावर घालूनच घ्या. लीश (बोर्ड पायाला बांधायचा दोर) न्या, जागा खात नाही. फिन मात्र सगळे घ्या, मोज्यांत गुंडाळून बॅगेत टाका, कारण नव्या बोर्डावर जुने फिन असले की निम्मी ओळख तिथेच पटते. एफसीएस आणि फ्युचर्स या दोन कंपन्यांचे फिन एकमेकांच्या बॉक्समध्ये (बोर्डातल्या फिनच्या खाचेत) बसत नाहीत, तेव्हा तिथे सेकंडहँड बोर्ड बघताना आधी उलटा करून फिन बॉक्स बघा, मग बाकीचं. आणि फिन घट्ट करायच्या चाव्या दोन-तीन तरी ठेवा, पार्किंगमध्ये कोणीतरी मागून नेतोच आणि ती परत आल्याचं मी अजून बघितलेलं नाही.