लैंगिक गुन्हेगारांच्या ‘राष्ट्रीय यादी’च्या नावाखाली आमचे 21,889 रुपये कसे गेले

आपल्या देशात लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी आहे, पण ती सामान्य नागरिकाला पाहता येत नाही, एवढे एक वाक्य मला मे महिन्यात कोणी सांगितले असते तर आमचे 21,889 रुपये वाचले असते आणि एका निरपराध माणसाच्या तोंडाला 19 दिवस काळे लागले नसते. पैशांचे दुःख मी गिळले आहे. दुसरी गोष्ट गिळता येत नाही, म्हणून लाज बाजूला ठेवून हे लिहीत आहे.

मी डोंबिवलीत राहते आणि गेली 14 वर्षे एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करते. आमच्या संकुलातून मुलांच्या शाळेच्या चार व्हॅन सुटतात. बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर झालेले लैंगिक अत्याचार आणि 20 ऑगस्ट 2024 रोजी तिथल्या स्थानकात रुळांवर उतरलेले लोक आमच्यापैकी कोणीही विसरलेले नाही. बदलापूर आमच्यापासून लोकलने काही स्थानकांवर आहे. त्यानंतर प्रत्येक आईच्या मनात एकच प्रश्न होता: आपले मूल रोज ज्याच्या हाती सोपवतो तो माणूस कोण आहे? शाळेला विचारले तर व्हॅन शाळेच्या मालकीच्या नाहीत असे उत्तर मिळाले. पोलीस ठाण्यात चौकशी केली तर पडताळणीचा अर्ज ज्याचा त्याने करायचा, वेळ लागेल, असे सांगून वाटेला लावले. पालकांच्या बैठकीत ही जबाबदारी माझ्यावर आली, कारण कागदपत्रांची कामे मी नीट करते असा माझा लौकिक होता.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात कोणीतरी एका ‘पडताळणी संस्थे’ची जाहिरात पुढे पाठवली. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या लैंगिक गुन्हेगार नोंदवहीत नाव तपासून 48 तासांत प्रमाणपत्र, असा दावा होता आणि वर तीन सिंहांची राजमुद्रा होती. अशी नोंदवही आहे, हे मी वर्तमानपत्रात वाचलेले होते. ती खरोखरच आहे: 20 सप्टेंबर 2018 रोजी गृह मंत्रालयाने ती सुरू केली, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ती सांभाळतो, आणि सुरू झाली तेव्हाच तीत सुमारे 4.4 लाख नोंदी होत्या. अर्धे सत्य पुढे करून उरलेले खोटे खपवायचे, ही या लोकांची रीत. मी वाचली नव्हती ती दुसरी अर्धी ओळ अशी की ही नोंदवही फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांसाठी आहे. राजमुद्रा लावून खासगी माणूस काही विकत असेल तर तिथेच फोन ठेवून द्यावा.

चार चालक, दोन मदतनीस बायका, तीन सुरक्षारक्षक आणि उन्हाळी शिबिराचे दोन प्रशिक्षक अशी 11 नावे मी पाठवली. दरडोई 649 रुपयांप्रमाणे 7,139 रुपये, वर नोंदणी शुल्क 1,180 रुपये, असे 8,319 रुपये पालकांच्या वर्गणीतून गेले. पैसे पाठवताना पडद्यावर संस्थेचे नव्हे, कोणा एका व्यक्तीचे नाव आले. विचारल्यावर ‘आमचे हिशेबनीस आहेत’ असे सांगण्यात आले. करासह पावती मागितली तर ती महिनाअखेरीस मिळेल म्हणाले. हे सगळे मी ऐकून घेतले. पाठोपाठ 11 जणांच्या आधार कार्डांचे फोटोही पाठवले, आणि तेही पूर्ण क्रमांक दिसणारे. शेवटचे चारच आकडे दाखवणारे आधार संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते. दुसऱ्याचे आधार पाठवण्याआधी त्याला विचारा, आणि पाठवायचेच असेल तर तेच पाठवा.

आता त्या क्षणाविषयी. प्रमाणपत्रे आली तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. एका चौकटीत लिहिले होते, ‘पाच मैलांच्या परिघात श्रेणी 2 व श्रेणी 3 चे नोंदणीकृत गुन्हेगार: 0’. डोंबिवलीत मैलांनी अंतर कोण मोजतो? त्याखालच्या चौकटीत ‘झिप कोड’ म्हणून 42120 हा आकडा होता. आमचा पिनकोड 421201 आहे. चौकट पाच आकड्यांपुरतीच होती, म्हणून शेवटचा 1 कापला गेला होता. एका आकड्याच्या चुकीवरून पुरवठादारांची बिले परत पाठवणारी मी, तो आकडा दोनदा वाचला, पडद्यावर बोट ठेवून वाचला आणि छपाईची चूक समजून पुढे गेले. अमेरिकेतला पिनकोड, म्हणजे झिप कोड, पाच आकडी असतो; तिथल्या एखाद्या अहवालाचा नमुना उचलून त्यावर मराठी मजकूर चढवला आहे, हे त्या एका कापलेल्या आकड्यातून ओरडून सांगितले जात होते. मी थकले होते, मुलीला ताप होता, 27 पालक उत्तराची वाट पाहत होते. कारणे खरी आहेत, तरीही तो 42120 आकडा आजही झोप मोडतो.

नंतर मी या विषयाचा छडा लावला. मैल आणि श्रेणी या गोष्टी अमेरिकेच्या पद्धतीतल्या आहेत. 1994 मध्ये न्यू जर्सीत मेगन कांका या सात वर्षांच्या मुलीची समोर राहणाऱ्या, लैंगिक गुन्ह्यासाठी आधी शिक्षा भोगलेल्या माणसाने हत्या केली. त्यातून अशा गुन्हेगारांची माहिती शेजाऱ्यांना देणारा राज्याचा कायदा आला आणि 1996 मध्ये तो देशपातळीवर गेला. 2006 च्या केंद्रीय कायद्याने तीन श्रेणी ठरवल्या: पहिलीतील गुन्हेगाराने 15 वर्षे, दुसरीतील गुन्हेगाराने 25 वर्षे आणि तिसरीतील गुन्हेगाराने जन्मभर नोंदणीत राहायचे, आणि अनुक्रमे वर्षातून एकदा, दर सहा महिन्यांनी व दर तीन महिन्यांनी स्वतः हजर होऊन पत्ता पडताळून द्यायचा. प्रत्येक राज्याचे नियम पुन्हा वेगळे. न्यू जर्सीतच सर्वांत कमी धोक्याच्या श्रेणीतली नावे संकेतस्थळावर दिसत नाहीत. म्हणजे यादीत नाव नाही यावरून माणूस निर्धोक ठरत नाही, हे तिथेही खरे आहे. आणि तिथले सरकारी देशव्यापी शोध संकेतस्थळ विनामूल्य आहे. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनीही लक्षात ठेवावे: शोधासाठी कार्डाचा क्रमांक मागणारे पान सरकारी नसते. आपल्याकडे तर प्रत्येक लैंगिक गुन्हेगाराने स्वतः जाऊन पत्ता नोंदवत राहावा असा सरसकट कायदा नाही, मग ‘परिघात नोंदणीकृत’ हा शब्दप्रयोग आला कुठून?

तिसऱ्या दिवशी फोन आला की एका चालकाचे नाव ‘जुळले’ आहे. त्या काकांचे नाव आणि आडनाव मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात चार घरी सापडेल असे आहे. छायाचित्रासह तपशीलवार अहवालाचे 4,720 रुपये मी स्वतःच्या खात्यातून भरले. फोटो इतका धूसर होता की मिशा असलेला कोणताही पन्नाशीचा पुरुष त्यात दिसावा. मग पोलिसांना अधिकृत सूचना पाठवण्याचे शुल्क म्हणून 8,850 रुपये, तेही भरले. मुलांचा जीव टांगणीला लावल्यावर आईबाप हिशेब करत नाहीत, हे त्यांना पक्के ठाऊक असते. गुन्ह्याची खबर पोलिसांना द्यायला एक रुपयाही लागत नाही. 112 आणि मुलांसाठीचा 1098 हे दोन्ही क्रमांक विनाशुल्क आहेत.

त्याच संध्याकाळी मी गटात लिहिले आणि 14 मुले त्या व्हॅनमधून काढली गेली. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीची व्हॅनमध्ये राहिलेली पाण्याची बाटली धुऊन, पुसून त्यांनी पहारेकऱ्याकडे ठेवली होती. वर आले नाहीत.

चौथी मागणी 15,000 रुपयांची आली तेव्हा मी कागद घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या एका महिला हवालदाराने तो उलटून पाहिला आणि म्हणाली, “ताई, ही यादी आमच्या साहेबांनाही लॉगिन करूनच उघडावी लागते. तुम्हाला पैसे घेऊन कोण दाखवणार?” तिचे मी आभार मानते, कारण त्यानंतर मला आभार मानण्याजोगे कोणी भेटले नाही. तक्रार लिहून घेणाऱ्या साहेबांनी सायबर शाखेत पाठवले, सायबर शाखेने रक्कम लहान आहे म्हणून पुन्हा ठाण्यात पाठवले, ठाण्याने पैसे परराज्यातल्या खात्यात गेले म्हणून हद्दीचा प्रश्न काढला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी खबर नोंदवून घ्यावी लागते, हे त्या पानाची प्रत त्यांच्या टेबलावर ठेवल्यावरच मान्य झाले. तोवर मी पाच फेऱ्या मारल्या होत्या आणि तीन रजा गेल्या होत्या. एका साहेबांनी तर “एवढ्या शिकलेल्या असून” असे म्हणून मान हलवली. फसलेल्या माणसाने ते स्वतःला शंभरदा म्हटलेले असते. ते ऐकण्यासाठी कोणी ठाण्याची पायरी चढत नाही. माझ्या बँकेने, व्यवहार तुम्हीच पिन टाकून केला, अशा एका ओळीत विषय संपवला. फसल्याचे कळताच त्याच तासात सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या 1930 या क्रमांकावर फोन करा. शेवटच्या भरण्यानंतर चौथ्या दिवशी मी तो केला, तोवर खात्यातली रक्कम पुढे सरकलेली होती.

ज्या कामासाठी हे सगळे केले, त्याचा रस्ता आधीपासून होता. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखालच्या 2020 च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या शाळा, पाळणाघरे, क्रीडासंस्था यांनी कर्मचाऱ्यांची, कंत्राटी असले तरी, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घ्यायची आहे. शाळेकडे ही मागणी लेखी करा आणि पोहोच घ्या. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटले शोधता येतात, पण नुसते नाव जुळले म्हणून कोणाकडे बोट दाखवू नका. मी दाखवले.

आता चारही चालकांची रीतसर पोलीस पडताळणी झाली आहे आणि काकांचा दाखला स्वच्छ आहे. त्या दाखल्याच्या प्रतीसोबत मी माझ्या सहीचे माफीपत्र 14 घरी स्वतः नेऊन दिले. 9 मुले परत आली. उरलेल्या घरांपैकी एका घरी मला दारातच उत्तर मिळाले की आग असल्याशिवाय धूर निघत नाही. काकांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी पैशांचे काही विचारले नाही. “माझ्या आधारचा फोटो त्यांच्याकडेच राहिला का, ताई?” एवढेच विचारले. मी हो म्हणाले, आणि तिथेच बसून त्यांच्या फोनवर आधारची बोटांच्या ठशांची कुलूपबंदी सुरू करून दिली. उरलेल्या दहा जणांकडे अजून जायचे आहे.