पेल्विक फ्लोअर ईएमजी: सुईचा करावा की प्रोबचा?

बाळंतपणानंतर खोकलं की लघवी सुटते, किंवा शौचाला आवरत नाही, आणि चिठ्ठीवर नुसतं ‘पेल्विक फ्लोअर ईएमजी’, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंतली वीज मोजणारी तपासणी, एवढंच लिहिलेलं असतं. अशा बायकांना मी व्यायाम शिकवते. पहिल्या भेटीत माझा प्रश्न ठरलेला: डॉक्टरांना काय बघायचंय? नस शाबूत आहे का, की स्नायू नीट आवळता येतो का? एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या तपासण्या चालतात.

प्रोबच्या तपासणीत बोटाएवढा प्रोब योनीत किंवा गुदद्वारात ठेवतात. टोचाटोची नाही. आवळलं की पडद्यावर रेघ चढते, सोडलं की उतरते. शिकण्यासाठी याच्यासारखं साधन नाही. ‘आवळा’ म्हटल्यावर उलट खाली जोर देणारी बाई स्वतःची चूक पहिल्यांदाच डोळ्यांनी बघते. पण त्या रेघेत पोट, मांड्या, नितंब यांचीही वीज मिसळते, म्हणून मी पोटावर हात ठेवायला सांगते. प्रोब जरा सरकला तरी आकडा बदलतो. आज १२ मायक्रोव्होल्ट आणि महिन्याने १८ आले, म्हणून नस सुधारली असं धरू नका. आकडा कमी आला तर नस गेलीय, आवळायचं कळलं नाहीये, की दुखण्याच्या भीतीने आवळलंच जात नाहीये, हे प्रोबला सांगता येत नाही.

ते सुई सांगते. बारीक कॉन्सेंट्रिक (आतून तार असलेली) सुई बहुधा शौच रोखणाऱ्या बाहेरच्या स्नायूत घालतात, कारण तो कातडीलगतच सापडतो. दुखतं, हे आधीच सांगते. यंत्राच्या स्पीकरवर स्नायू ऐकू येतो. तो झोपेतही काम करत असल्याने स्वस्थ पडल्यावरही बारीक तडतड चालू असते आणि आवळलं की तापल्या तेलात मोहरी पडावी तसा आवाज दाटतो. नस बरीच गेली असेल तर ही दाटी येत नाही, एकेक ठोका सुटा ऐकू येतो.

क्वांटिटेटिव्ह म्हणजे एवढ्या अंदाजावर न थांबता साधारण २० मोटर युनिट (नसेचा एक तंतू आणि तो हलवतो ते स्नायुतंतू) वेगळी पकडायची, प्रत्येकाच्या विजेच्या लहरीची उंची, रुंदी, दातेरीपणा मोजायचा आणि निरोगी लोकांच्या आकड्यांशी ताडायचा. या स्नायूचे असे आकडे बसवण्यात ल्युब्लियानाच्या पोडनार आणि वोडुशेक यांचं मोठं काम आहे. रुंदीला महत्त्व का? नसेचे काही तंतू मेले की शेजारच्या जिवंत तंतूला फाटे फुटतात आणि पोरके झालेले स्नायुतंतू तो पदरात घेतो. मग त्याची लहर रुंद आणि दातेरी होते. नस दुखावल्याची आणि सावरल्याचीही ही खूण. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या मँचेस्टरच्या अभ्यासात ९६ पहिलटकरणी होत्या. योनीमार्गे बाळंत झाल्यावर तपासलेल्यांपैकी ८० टक्के जणींत अशी नवी जोडणी दिसली. म्हणून अहवालात सौम्य बदल दिसला तर लगेच खचू नका, तो तक्रारीशी जुळवून बघायचा असतो.

प्युडेंडल लेटन्सी नावाची तिसरी तपासणीही कुणी सुचवेल. प्युडेंडल ही या स्नायूंची नस. हातमोज्याच्या बोटावरच्या इलेक्ट्रोडने नसेला झटका देऊन स्नायू किती वेळात हलतो ते मोजतात, साधारण २ मिलिसेकंद. पण ती फक्त सर्वांत वेगवान तंतू पकडते. बाकीचे बरेच गेले तरी आकडा नॉर्मल येऊ शकतो. १९९९मध्ये अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशननेही शौचाच्या ताब्यासाठी ती सुचवली नाही. मीही तिच्यावर पैसे घालवायला सांगत नाही.

नुसती खोकल्या-शिंकण्यातली गळती असेल, बधिरपणा नसेल, तर सुई नको. प्रोब आणि तीन महिने मनापासून व्यायाम. टाके उसवले असावेत अशी शंका असेल तर आधी आतून सोनोग्राफी, कारण फाटलेला स्नायू तिच्यात दिसतो. स्नायू अखंड आहे तरी ताबा नाही, किंवा मणक्याच्या दुखण्यानंतर बसण्याची जागा बधिरच राहिली आहे, तर क्वांटिटेटिव्ह सुईचा ईएमजीच करा. हा बधिरपणा अचानक आला आणि लघवी अडली, तर मात्र ईएमजीची वाट न बघता त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

इजेनंतर पहिले ३ आठवडे सुईत फारसं काही उमटत नाही आणि नव्या जोडणीला महिने लागतात, तेव्हा बाळंतपणानंतर आठव्या दिवशी ही तपासणी करून घेऊ नका. वेळ घेताना विचारा की मोटर युनिट मोजणार का आणि डावी-उजवी दोन्ही बाजू बघणार का. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही तेव्हाच फोनवर सांगून टाका.