पट्टा सोडून पळायची जागा: नागपुरातल्या डॉग पार्कचा काही महिन्यांचा अनुभव

हिवाळ्यात जायला लागलो, आता पावसाळाही सरला. आमची चिमी देशी आहे, अंगात वारं भरल्यासारखी पळते. अंबाझरी-फुटाळ्याच्या वाहत्या रस्त्यांवर तिचा पट्टा सोडणं शक्यच नाही. म्हणून जाळीच्या कुंपणातली ही मोकळी जागा मला फार मोलाची वाटते.

सगळ्यात आवडलं ते दुहेरी फाटक. बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, आणि पट्टा त्या मधल्या जागेतच सोडायचा. मोकळ्या कुत्र्यांमध्ये पट्ट्याला बांधलेलं कुत्रं बावरतं. निसटता येत नाही, मग गुरगुरतं. बहुतेक भांडणं फाटकाशीच होतात, कारण नवं कुत्रं आलं की आतली सगळी तिथे गोळा होतात. रोजची मंडळी आपापल्या कुत्र्याला हाक मारून मागे घेतात. नवख्यांनो, तुम्हीही घ्या. हार्नेस काढून ठेवा, मस्तीत दुसऱ्याचे दात त्यात अडकतात. चेंडू अन् खाऊ घरीच बरा.

काही जण आत सोडतात आणि बाकावर मोबाइल काढून बसतात, याचा मला खरंच राग येतो. पुढचे पाय पसरून, मागचा भाग उंच केला की तो खेळ असतो. अंग ताठ, नजर एकटक, शेपूट वर ताणलेली दिसली की लगेच उठून बाजूला घ्यायचं. चावल्यावर उठून काय उपयोग?

मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो. नवतप्यात आम्ही उजाडता उजाडताच जाऊन यायचो. कुत्र्याला घाम जवळपास नाहीच, धापा टाकूनच ते अंग थंड करतं. चपट्या नाकाच्या पगला तर तेही नीट जमत नाही. पाणी आणि भांडं आपलंच न्या.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पंजांना गच्च चिकटतो, तो धुता येतो. गोचीड जास्त त्रासाचे. घरी आल्यावर कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत बघाच, कारण एर्लिकिया आणि बॅबेसिया या रक्तातल्या जंतूंचा ताप त्यांच्यातूनच येतो. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाची) भीती असते.

लसींचे डोस पूर्ण न झालेलं पिल्लू मात्र आणू नका. पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. माजावर आलेली कुत्रीही घरीच ठेवा. आता छोट्या कुत्र्यांसाठी वेगळा कप्पा झाला पाहिजे. शेजारच्या काकूंचा पॉमेरेनियन अजून त्यांच्या मांडीवरून उतरत नाही.