‘साखर न घातलेला’ क्रॅनबेरी रस आणि गॅस्ट्रिक बायपास झालेल्या रुग्णांची फसवणूक

वजन कमी करण्यासाठी गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून अन्न थेट लहान आतड्यात नेणारी शस्त्रक्रिया) करून घेतलेल्या आणि त्यानंतर वारंवार होणाऱ्या लघवीच्या जंतुसंसर्गाने त्रासलेल्या लोकांना हेरून ‘क्रॅनबेरी उपचार’, म्हणजे क्रॅनबेरी या लहान, आंबट लाल फळाचा रस, विकला जातो. मला तो कसा विकला गेला हे सविस्तर लिहीत आहे, कारण या विक्रीत उघड खोटे फार थोडे असते आणि म्हणूनच ती ओळखणे अवघड जाते.

बायपासनंतर जठराची उरलेली पिशवी जेमतेम 30 मिलिलिटर मावेल एवढी असते. पाणी घोटाघोटाने प्यावे लागते. ते कमी पडले की लघवी कमी होते आणि मूत्राशयातील जंतू वेळच्या वेळी बाहेर टाकले जात नाहीत. स्वतःला बॅरिअॅट्रिक (वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या) आहारसल्लागार म्हणवणाऱ्या एका व्यक्तीने मला फोनवर हे सारे इतके अचूक समजावले, की त्यापुढील विधानांवरही सहज विश्वास बसावा. ती विधाने अशी होती: आमचा रस बायपास झालेल्यांसाठीच बनवलेला आहे, त्यात साखर घातलेली नाही, आणि झालेला संसर्ग तो अँटिबायोटिकशिवाय बरा करतो. पूर्ण कोर्सचे पैसे आगाऊ घेण्यात आले.

रस प्यायल्यानंतर थोड्याच वेळात छातीत धडधड, दरदरून घाम, पोटात पेटके आणि जुलाब सुरू होत. पुढे तास-दोन तासांनी हातपाय थरथरत आणि डोळ्यांपुढे अंधारी येई. शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडत असल्याची ही खूण आहे, असे मला सांगण्यात आले. लघवीची जळजळ वाढल्याचे कळवले, तेव्हा इतक्यात तपासणी करू नका, कोर्स मध्येच तुटेल, असे उत्तर मिळाले. या सगळ्या व्यवहारात मला सर्वांत अक्षम्य वाटतो तो हा सल्ला. थंडी वाजून ताप आला, एका बाजूला बरगड्यांखाली पाठीत दुखू लागले आणि उलट्या सुरू झाल्या, तोवर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला होता. रुग्णालयात दाखल होऊन शिरेतून अँटिबायोटिक घ्यावे लागले.

तेथील आहारतज्ज्ञ बाईंनी बाटलीवरील घटकांची यादी वाचून दाखवली. ही यादी साधारणपणे वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. पहिल्या क्रमांकावर सफरचंदाचा आटवलेला रस होता, मग द्राक्षांचा, आणि क्रॅनबेरी बरीच खाली. वेगळी साखर घातली नव्हती हे शब्दशः खरे होते. ती फळांच्या रसातूनच भरपूर आली होती. बायपासनंतर अशी साखर लहान आतड्यात झपाट्याने उतरते, तेथे पाणी ओढून घेते, आणि नंतर इन्सुलिन जास्त स्रवल्याने रक्तातील साखर एकदम खाली जाते. यालाच डंपिंग सिंड्रोम म्हणतात. गोड केलेल्या क्रॅनबेरी पेयाच्या 240 मिलिलिटरच्या पेल्यात 30 ग्रॅमच्या आसपास साखर असू शकते. म्हणून ‘साखर घातलेली नाही’ या मोठ्या अक्षरांकडे न पाहता, पोषणतक्त्यातील एकूण साखरेचा आकडा आणि रसाचे टक्के पाहावेत.

क्रॅनबेरीला काहीच आधार नाही, असे माझे म्हणणे नाही. तिच्यातील प्रोअँथोसायनिडिन ही द्रव्ये ई. कोलाय या, लघवीच्या संसर्गास बहुतेक वेळा कारण ठरणाऱ्या, जंतूंना मूत्रमार्गाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत, असे मानले जाते. 2023 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण क्रॅनबेरीमुळे घटल्याचे दिसले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2020 मध्ये पेयांवर असा दावा छापू दिला, तोही पुरावा मर्यादित असल्याचे नमूद करण्याच्या अटीवर. परंतु ही सगळी चर्चा संसर्ग पुन्हा होऊ नये यासाठीची आहे. झालेला संसर्ग रसाने बरा होतो असे यातून सिद्ध होत नाही, आणि नेमका हाच फरक विक्रेते पुसून टाकतात. शिवाय बायपासनंतर आतड्यातून ऑक्झलेट (मुतखडे बनण्यास कारण ठरणारे एक द्रव्य) जास्त शोषले जाऊन मुतखड्याचा धोका आधीच वाढलेला असतो. क्रॅनबेरीतही ऑक्झलेट असते. म्हणून साखर नसलेल्या गोळ्यासुद्धा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत.

पैसे परत मागितले, तेव्हा लेबलच्या तळाशी असलेल्या बारीक मजकुराकडे बोट दाखवण्यात आले: हे उत्पादन कोणत्याही आजाराच्या उपचारासाठी नाही. फोनवर दिलेली आश्वासने सिद्ध करायला माझ्याजवळ काही नव्हते; मात्र तपासणी पुढे ढकलण्याचा सल्ला लेखी संदेशात होता, आणि ग्राहक तक्रारीत तोच उपयोगी पडत आहे. ज्यांच्या घरी अशी बाटली आत्ता आहे त्यांनी ती टाकून देण्यापूर्वी लेबलचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत, पावती व संदेश जपून ठेवावेत, आणि जळजळ होत असेल तर आधी लघवीचे कल्चर (कोणते जंतू आहेत हे शोधणारी तपासणी) करून घ्यावे. ताप किंवा पाठदुखी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि बायपास झाल्याचे आवर्जून सांगावे, कारण त्यानंतर काही औषधांचे शोषण बदलते.